तालुक्यातून वृत्तपत्रविद्येकडे : प्रस्तावना

घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव किंवा राणी उंचेगावहून एखादी मुलगी पत्रकारिता शिकायला विद्यापीठात जाते, तेव्हा घरून निघतानाच एक समजूत तिच्यासोबत असते. खरी बातमी मुंबईत नाहीतर दिल्लीत घडते. आपल्याकडे आमसभा, रस्ता रोको, हरिनाम सप्ताह आणि ऊसदराची भांडणे. म्हणजे शिकायचे ते इथून सुटण्यासाठी. ही समजूत तिच्या शिक्षकांनी, नातेवाइकांनी आणि बऱ्याच अंशी वर्तमानपत्रांनीच रुजवलेली असते. हे पुस्तक त्या समजुतीविरुद्ध लिहिले आहे. वृत्तपत्रविद्येचे काही मोलाचे शोध महानगरांत नव्हे, तर लहान ठिकाणी माणसांशी बोलून लागलेले आहेत. तुमचा तालुका या शास्त्राच्या वेशीबाहेर नाही. तो अभ्यासाचा विषय आहे आणि अभ्यास करण्याची जागाही आहे.

हे नुसते धीर देण्यासाठी म्हणत नाही. १९४० साली अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक होती. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचाराचा मतदारांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी ओहायो राज्यातला ईरी हा जिल्हा निवडला. न्यूयॉर्क नव्हे, शिकागो नव्हे. तिथल्या सुमारे सहाशे मतदारांना ते महिन्यामागून महिने पुन्हा पुन्हा भेटले. हाती आलेला निष्कर्ष अनपेक्षित होता : रेडिओ आणि वर्तमानपत्र थेट माणसाचे मत फिरवत नाहीत. आधी गावातली काही वाचणारी, ऐकणारी माणसे ते उचलतात, आणि त्यांच्या तोंडून ते इतरांपर्यंत जाते. पारावर किंवा हॉटेलात पेपर मोठ्याने वाचून त्यावर टिप्पणी करणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागत नाही. १९५० साली डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी एका मध्यम आकाराच्या शहरातल्या एकाच उपसंपादकाने आठवडाभर कोणत्या तारा छापल्या आणि कोणत्या टोपलीत टाकल्या, याचा हिशोब मांडला. टाकलेल्या मजकुराचे प्रमाण छापलेल्यापेक्षा कितीतरी अधिक होते, आणि टाकण्याची कारणे बऱ्याचदा त्या माणसाच्या आवडीनिवडीची होती. १९६८ साली मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावात अजून मत न ठरवलेल्या शंभर मतदारांना प्रश्न विचारले. माध्यमे काय विचार करायचा हे ठरवत नसली, तरी कशाविषयी विचार करायचा हे बरेचसे ठरवतात, असे त्यांनी १९७२ मध्ये मांडले. जगभरच्या अभ्यासक्रमांत ही तिन्ही कामे आजही पहिल्या वर्षाला शिकवली जातात.

असे काम आपल्याकडेही झाले आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रवणमंडळे सुरू केली. गावातली माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि काय करायचे ते ठरवत. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची पाहणी केली. रेडिओ असलेली आणि नसलेली, मंडळ असलेली आणि नसलेली गावे त्यांनी शेजारी ठेवून तपासली आणि चर्चेची जोड मिळाली की ज्ञान किती वाढते ते दाखवले. विकास संवादाच्या अभ्यासात पुण्याच्या या प्रयोगाचे नाव आजही घेतले जाते. मराठवाडा तेव्हा त्या पाहणीत नव्हता. आज घनसावंगी तालुक्यात गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर पिकांचे भाव, पाण्याच्या पाळ्या आणि विम्याच्या तारखा फिरतात. त्यांचा न्यूरॅथच्या पद्धतीने अभ्यास करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता इतिहासाकडे. मराठी पत्रकारितेचा प्रारंभ आपण ६ जानेवारी १८३२ पासून मोजतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ त्या दिवशी मुंबईत निघाले. पुढे भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’, त्यात १८४८ पासून आलेली लोकहितवादींची पत्रे, १८४२ चे नगरचे ‘ज्ञानोदय’, १८७७ चे कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’, १८८१ चे ‘केसरी’, १८८८ चे आगरकरांचे ‘सुधारक’, १९२० चे डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ : ही मालिका प्रत्येक अभ्यासक्रमात असते, आणि रा. के. लेले यांच्या ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ या ग्रंथात ती विस्ताराने वाचायला मिळते. तारखा पाठ होतात. पण या मालिकेत एक नाव असे आहे की तिथे तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याने थांबावे. कृष्णराव भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे आणि पुढे तरवडी या खेड्यांतून काढले, आणि ते १९६७ पर्यंत चालवले. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचकही खेड्यांत. शहरातून गावाकडे पेपर येतो ही दिशा ज्या काळात नैसर्गिक वाटत होती, त्या काळात एक माणूस ती उलटी करून दाखवत होता. ‘दीनमित्र’चे अर्थकारण कसे जमले, वर्गणी कशी वसूल होई, टपाल कसे जाई, हे प्रश्न आजच्या गावपातळीवरच्या पोर्टलवाल्यालाही पडतात. म्हणून या पुस्तकात ‘केसरी’इतकीच जागा ‘दीनमित्र’ला दिली आहे.

आपल्या भागाचा इतिहास याहून वेगळा आहे, आणि तो वेगळा का, हे समजून घ्यावे. ‘केसरी’च्या संपादकाला ब्रिटिश कायद्याखाली खटला भरून शिक्षा होत होती, म्हणजे खटला तरी होत होता, न्यायालयात बोलता तरी येत होते. निजामाच्या राज्यात पत्र काढण्याचीच मुभा सरकारच्या मर्जीवर होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यावर बंदी आली की ते दुसऱ्या नावाने निघे, त्यावर बंदी आली की तिसऱ्या. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा रझाकारांनी खून केला. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत होते. महिन्याभरात, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले. शोएबुल्ला खान मराठीत लिहीत नव्हते म्हणून आपल्या पत्रकारितेच्या इतिहासातून ते बाहेर राहतात. हा इतिहास भाषेनुसार कापला की मराठवाड्याचा अर्धा वारसा हातचा जातो. तो मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत विखुरलेला आहे.

‘मराठवाडा’ पुढे दैनिक झाले आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली या प्रदेशाचा आवाज बनले. पाणी, रेल्वे, सिंचन, विकासाचा अनुशेष हे विषय त्यांच्या अग्रलेखांनी राज्याच्या चर्चेत आणले. ‘पेटलेले दिवस’ हे त्यांचे हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचे पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. मात्र त्याच दैनिकाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला जो विरोध केला, त्याची कठोर चिकित्साही झाली आहे आणि ती तितक्याच लक्षपूर्वक वाचली पाहिजे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. त्याआधीच्या दीड दशकात नामांतराच्या वादात कोणत्या पेपरात कोणाच्या घरांना लागलेली आग किती कॉलम छापली गेली आणि कोणाची छापलीच गेली नाही, हा प्रश्न विद्यापीठातच विचारायचा आहे. ज्यांचे ऋण मानतो त्यांचेच अंक समोर घेऊन मोजदाद करायची, ही या शास्त्राची रीत आहे. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी १९२० साली हेच केले होते : रशियन क्रांतीविषयी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तीन वर्षांत काय छापले ते पडताळले आणि प्रत्यक्षात जे घडले त्यापेक्षा संपादकांना जे घडावेसे वाटत होते ते अधिक छापले गेले, हे दाखवून दिले. दोघेही त्या दैनिकाचे शत्रू नव्हते.

पत्रकारिता विद्यापीठात शिकवण्याची कल्पना तशी जुनी नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये स्वतंत्र विद्यालय उघडले. आपल्याकडे पंजाब विद्यापीठात लाहोरला १९४१ मध्ये विभाग सुरू झाला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाने आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठ विभागाने ही वाट पाडली. आज छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांत असे विभाग आहेत, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमामुळे घरचे काम सांभाळून शिकण्याचीही सोय आहे.

तरीही एक आक्षेप तुम्हाला ऐकून घ्यावा लागेल. जुने बातमीदार म्हणतील, ‘पत्रकारिता वर्गात शिकून येत नसते, आम्ही कुठे शिकलो होतो?’ हे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. वाघमारे, भालेराव, मुकुंदराव पाटील यांच्यापैकी कोणाकडेही पत्रकारितेची पदवी नव्हती. बातमी ओळखण्याचे नाक, माणसाला बोलते करण्याची हातोटी, वेळेत कॉपी देण्याची सवय या गोष्टी कामातूनच अंगी येतात. पण कामातून आणखीही बरेच काही अंगी येते : वरिष्ठ करतात तसेच करणे, प्रेसनोट जशीच्या तशी लावणे, कोणाला दुखवायचे नाही याचा हिशोब. विद्यापीठाची दोन-तीन वर्षे या सवयी लागण्याआधी मिळतात. त्या काळात तुम्हाला एकच प्रश्न सतत विचारला जाईल : कशावरून? बातमीत एक वाक्य लिहिले, तर ते तुम्हाला कशावरून कळले? स्वतः पाहिले, कागदावरून घेतले, की कोणी सांगितले? सांगणाऱ्याला ते कशावरून माहीत? या प्रश्नाची टोचणी कायमची लागली, तर शिक्षण झाले.

हा प्रश्न विचारण्यासाठी तालुक्यासारखी जागा नाही. घनसावंगीत दुष्काळाची बातमी कशी होते ते पाहा. ‘शेतकरी हवालदिल’ हा मथळा कोणीही देईल. त्यामागे कागदांची एक साखळी असते. खरिपाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी तीन टप्प्यांत जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर सवलतींचे भवितव्य ठरत आले आहे. नजरअंदाज पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी यांत मोठा फरक पडला, तर मधल्या काळात काय झाले ही बातमी आहे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पावसाचा खंड, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतला ओलावा हे निकष पुढे आले. तेव्हा गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसणारा दुष्काळ निकषांत का बसत नाही, हे समजावून सांगणे बातमीदाराचे काम झाले. अतिवृष्टीचेही तसेच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तरच ती अतिवृष्टी, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तरच मदत. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी बसवलेला असतो आणि ढग शेजारच्या शिवारात फुटतो. मग एका बांधावरच्या शेतकऱ्याला मदत मिळते आणि दुसऱ्याला नाही. ही बातमी हाती लागायची तर तलाठी, मंडळ अधिकारी, कृषी सहायक आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी या चौघांच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या तेव्हा देशभरातून कॅमेरे आले. ते गेल्यावर त्या बागांच्या कर्जाचे काय झाले, हा विषय इथे राहणाऱ्यानेच हाती घ्यायचा असतो. पी. साईनाथ यांचे १९९६ चे ग्रामीण दारिद्र्यावरचे पुस्तक त्यासाठी वाचावे. ते गाजले ते त्यांनी देशातल्या गरीब जिल्ह्यांत मुक्काम केला म्हणून. मुक्काम हीच तिथली संशोधनपद्धती आहे.

याच परिसरातल्या दोन घटना या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतील. पहिली जांब समर्थची. समर्थ रामदासांच्या या जन्मगावी, घनसावंगी तालुक्यात, ऑगस्ट २०२२ मध्ये राममंदिरातल्या प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या. बातमी एका रात्रीत राज्यभर गेली, विधिमंडळापर्यंत पोचली. गुन्हेविषयक वार्तांकन शिकवायला हा उत्तम धडा आहे. फिर्याद म्हणजे काय आणि ती सत्य का मानायची नाही. ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ हे तीन वेगळे शब्द का आहेत. पोलिसांनी सांगितलेली गोष्ट कोणाच्या नावावर घालायची. श्रद्धेचा विषय असताना मथळ्यात विशेषणे किती वापरायची. शिवाय चोरीच्या बातमीला जितकी जागा मिळाली, तितकी तपासाला आणि खटल्याला मिळाली का, हे मोजून पाहता येते.

दुसरी घटना शेजारच्या अंबड तालुक्यातली. अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू असताना १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला आणि काही तासांत ते गाव देशाच्या पडद्यावर आले. जखमी किती, सुरुवात कोणी केली, आदेश कोणाचा, यावर त्या दिवसापासून वेगवेगळे दावे झाले. बातमीदाराने प्रत्येक दावा ज्याचा त्याच्या नावासह द्यायचा, आणि जिथे डॉक्टरांची नोंद, ध्वनिचित्रफीत किंवा सरकारी कागद आहे तिथे तो पडताळायचा. या घटनेची दुसरी बाजू अभ्यासकाला अधिक खुणावते. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन महसुली दप्तरे उघडली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. सप्टेंबर २०२५ मध्ये शासन निर्णय निघाल्यावर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हे नाव चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. पण त्या गॅझेटियरमध्ये नेमके काय लिहिले आहे, जनगणना कशी झाली होती, जातींची वर्गवारी कोणी आणि कशासाठी केली होती, हे उघडून वाचणारे बातमीदार थोडे होते. आरक्षणाच्या बाजूने असो वा विरोधात, वाचकाला त्या कागदाचा अर्थ कळायला हवा. जो विद्यार्थी मोडी शिकेल किंवा उर्दू वाचायला शिकेल, त्याला मराठवाड्यात आयुष्यभर पुरेल इतके काम आहे.

पडताळणीचा प्रश्न हा केवळ नीटनेटकेपणाचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी भटक्या जमातीतल्या पाच जणांना ठार मारले. ती अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. प्रत्येक गावात कोणीतरी पेपरचा वार्ताहर होता, कोणाकडे चॅनेलचा बूम होता. त्यातल्या किती जणांनी त्या अफवेची बातमी न करता तिचा खोटेपणा दाखवणारी बातमी केली, हा प्रश्न अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही.

आता तालुक्यातल्या पत्रकारितेच्या अडचणीच्या भागाकडे. शहरातला बातमीदार वाचकाला ओळखत नाही. घनसावंगीचा वार्ताहर ज्याच्याविषयी लिहितो, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलेला असतो. बातमी चुकली तर सकाळी आठला घरासमोर माणूस उभा. हे जवळपण चांगलेही आहे, कारण खोटे लपत नाही. पण त्याच जवळपणाने तोंडही बंद होते. त्यात पैशाची भर. बहुतेक दैनिकांचे तालुका प्रतिनिधी पगारी नसतात, मानधन नाममात्र. त्यांच्याकडेच अंकाची एजन्सी आणि जाहिरातीचे टार्गेट असते. नेत्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात ज्याच्याकडून आणायची, त्याच्या संस्थेतल्या गैरव्यवहाराची बातमी त्याच हाताने लिहायची. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’चा विषय देशभर गाजला आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेसमोर २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल आला. वार्ताहराला लोभी म्हणून हा विषय संपत नाही. ज्या रचनेत तो काम करतो तिचा अभ्यास करावा लागतो. सेवंती निनान यांनी हिंदी पट्ट्यातल्या जिल्हा आवृत्त्या आणि त्यांच्या वार्ताहरांवर २००७ मध्ये पुस्तक लिहिले. मराठवाड्यातल्या वार्ताहरांवर असे काम करायला माणसे हवी आहेत.

कायद्याचे प्रकरण कोरडे वाटेल, पण ते तुमचे चिलखत आहे. राज्यघटनेत वृत्तपत्र स्वातंत्र्य असा वेगळा शब्द नाही; ते अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून न्यायालयांनी उलगडले. त्यातला एक पायाभूत निकाल मराठी दैनिकाने मिळवून दिला आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पानांच्या संख्येवर किंमत बांधून देणाऱ्या १९६० च्या केंद्रीय आदेशाला ‘सकाळ’ने आव्हान दिले. त्या याचिकांत वाचकही सामील होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य केवळ मजकुरापुरते नसून किती वाचकांपर्यंत पोचायचे यातही आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. याच्या जोडीला बदनामी, न्यायालयाचा अवमान, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची आणि बालकाची ओळख उघड न करण्याचे बंधन हे शिकायचे आहे. गावात नाव छापले नाही तरी गल्ली, शाळा आणि वडिलांचा धंदा छापला की ओळख पटते, हे ध्यानात ठेवा. आणि माहितीचा अधिकार : दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पंचायत समिती, नगरपंचायत, पाटबंधारे शाखा यांच्याकडून एक कागद स्वतः मिळवल्याशिवाय हे प्रकरण वाचून संपले असे समजू नये.

भाषेविषयी थोडे. आपल्या बातम्या पोलिसांच्या आणि कचेरीच्या भाषेत लिहिल्या जातात : ‘सदर इसमाने’, ‘मयत झाले’, ‘कार्यवाही करण्यात आली’. या वाक्यांत कर्ता गायब असतो, आणि कर्ता गायब झाला की जबाबदारीही गायब होते. कालव्याचे पाणी ‘सोडण्यात आले नाही’ की अमुक अधिकाऱ्याने सोडले नाही, यात फरक आहे. घरात, शेतात, तांड्यावर बोलली जाणारी मराठी स्वच्छ आणि नेमकी असते. विद्यापीठात जाऊन ती विसरू नका. ती छापण्याइतकी सक्षम आहे.

शेवटचा भाग बातमीत न येणाऱ्यांचा आहे. दिवाळीच्या सुमारास जालना-बीडच्या या पट्ट्यातून ऊसतोड कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. ती कारखान्यावर असताना तिथल्या पेपरला परकी असतात आणि इथल्या पेपरला गैरहजर. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत होत्या. इतकी वर्षे ती बातमी का नव्हती, याचे उत्तर बातमीदारांच्या आळसात नाही. बातमी कोण सांगतो, कोणाच्या तोंडून सांगतो आणि कोणत्या कचेरीत बसून गोळा करतो, या रोजच्या व्यवस्थेत ते आहे. महिला वार्ताहर किती, हा प्रश्नही त्यातच येतो.

हे पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. इतिहास नकोसा वाटला तर पैसेवारीच्या प्रकरणापासून सुरू करा; तिथून इतिहासाकडे आपोआप यावे लागेल. नोकरीचा प्रश्न मनात असणारच. दैनिके, वाहिन्या, आकाशवाणी, २००५ पासून निघणाऱ्या ‘ॲग्रोवन’सारखी शेतीविषयक पत्रे, माहिती व जनसंपर्क खात्यातली पदे, स्वतःचे पोर्टल अशा वाटा आहेत. त्यातल्या बऱ्याच वाटांवर सुरुवातीला पैसा कमी आहे, आणि हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पण कागद वाचता येणारा, आकडा तपासता येणारा, साधे मराठी लिहिणारा माणूस कुठेही अडत नाही.

वर्ग सुरू होण्याआधी एक काम करून या. कोणत्याही दोन मराठी दैनिकांच्या जालना आवृत्तीचे एका महिन्याचे अंक घ्या. त्यात घनसावंगी तालुक्यातली प्रत्येक बातमी वहीत उतरवा : गाव कोणते, विषय काय, माहिती कोणी दिली, कोणाचे म्हणणे छापले, किती ओळी. मग तहसील कार्यालयातून तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी आणा आणि वहीत आलेल्या नावांवर खूण करत जा. ज्या गावांवर महिनाभरात एकही खूण पडली नाही, त्यांपैकी एका गावी जाऊन दोन दिवस राहा आणि तिथल्या माणसांना विचारा की गेल्या वर्षात गावात काय काय घडले. ते लिहून आणा. आपला पहिला तास त्यावरच होईल.